रोल धुतला तो रविवार

मुलीच्या किंडीतून, म्हणजे बालवाडीतून फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या फार्मसीत औषधं तपासत होते. टीचर म्हणाली, घाबरण्यासारखं काही नाही, पण जरा येऊन जाता का? असं कुणी म्हटलं की मी आधी घाबरते. हॅमिल्टनच्या रस्त्यांवरून मी गाडी कशी नेली ते मला आठवत नाही.

मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी पोचले तर ती टीचरच्या मांडीवर बसून हुंदके देत होती. मुलांनी टेबलांवर चादरी टाकून बोगदा केला होता. सगळी आत शिरली, कुणीतरी मागची चादर ओढून तोंड बंद केलं आणि आत अंधार झाला. त्याबरोबर माझी मुलगी किंचाळायला लागली. "इट्स गोइंग टु फॉल! एव्हरीबडी आउट!" बाकीची मुलं रांगत बाहेर पळाली, एक टेबल उलटलं, पण ही आतच डोक्यावर हात घेऊन बसून राहिली. तिला ओढून बाहेर काढावं लागलं.

टीचरनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी असं कधी काही झालंय का?"

"घरी नाही," मी म्हटलं. मग मुलीची बॅग उचलली.

झालं होतं ते क्राइस्टचर्चला, २०११च्या फेब्रुवारीत, आणि मुलीला नव्हे, मला. ती तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला सांभाळायला ठेवलेली होती. तिला खरचटलंही नव्हतं. मी औषधांच्या एका छोट्या दुकानात कामाला होते. इमारत जुनी, विटांची. मागे माल ठेवायची खोली होती, तिला खिडकी नव्हती. मी तिथं खोकल्याच्या औषधाचे खोके लावत असताना भूकंप झाला. आधी आवाज आला, मग दिवे गेले, मग दोन्ही बाजूंची शेल्फं माझ्यावर कोसळली. ती एकमेकांना टेकून अडकली म्हणून मी वाचले. दार चौकटीत घट्ट बसलं होतं. फुटलेल्या बाटल्यांतलं सिरप माझ्या मानेवरून खाली उतरत होतं आणि मला ते रक्त वाटत होतं. मधेच जमीन पुन्हा हलायची आणि माझ्या डोक्यावरचं काहीतरी करकरत आणखी खाली यायचं. किती वेळ गेला ते मला खरंच माहीत नाही. शेवटी दोन अनोळखी माणसांनी दार फोडून मला बाहेर ओढलं. मनगट मोडलं होतं, बाकी काही नाही. पुण्याला आईला फोनवर हेच सांगितलं, "मनगट गं फक्त, बाकी काही नाही." पुढं सगळ्यांना तेच सांगत राहिले.

काही महिन्यांनी आम्ही हॅमिल्टनला आलो. नवऱ्याला दुधाच्या धंद्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली, मला हॉस्पिटलमध्ये. तिथं जमीन सहसा हलत नाही, म्हणून तर आलो. पण मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नव्हते. बाथरूमचं दार लावत नव्हते. कपाटातून काही काढायचं तर एक पाय बाहेर ठेवूनच आत वाकायचे. मुलीला मी भूकंपाबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिला गाडीत बसवताना कळलं की सांगायची गरजच नव्हती. ती रोज माझ्याकडे बघत होती.

त्याच आठवड्यात सुटकेस काढताना कपाटाच्या वरच्या खणात नवऱ्याचा जुना फिल्मचा कॅमेरा सापडला. क्राइस्टचर्चला असताना तो त्यानं हौसेनं जुन्या बाजारातून घेतला होता. दुपारच्या सुट्टीत गळ्यात अडकवून भटकायचा. मी पाहिलं, तर काचेतला आकडा पुढं गेलेला. म्हणजे आत रोल होता.

"अरे, यात रोल आहे," मी त्याला म्हटलं. "तिकडचाच असणार."

त्यानं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "असेल. इतक्या वर्षांत खराब झाला असेल. टाकून दे."

"यात ही लहान असेल ना!"

"तिचे ढीगभर फोटो आहेत की इथं."

"पण हे कुणीच पाहिलेले नाहीत."

"टाकून दे म्हटलं ना," तो म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला. मला वाटलं, जुन्या गोष्टी निघून मला त्रास होऊ नये म्हणून म्हणतोय.

मॉलमधल्या फोटोच्या दुकानात विचारलं. त्यांनी रोल गुंडाळून बाहेर काढून दिला, तो ब्लॅक-अँड-व्हाइट निघाला. तसले ते धुवत नव्हते, बाहेर पाठवावा लागणार होता. पोस्टात गहाळ होईल या भीतीनं मी रोल परत आणला. दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत एक्स-रे विभागातल्या मैत्रिणीला हे बोलले. ती माओरी, निवृत्तीला आलेली, सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा 'किया ओरा' हा त्यांचा नमस्कार करत आत यायची. एक्स-रे कॉम्प्युटरवर येण्याआधीची कितीतरी वर्षं तिनं डार्करूममध्ये फिल्मा धुतल्या होत्या.

"घरी धू की," ती म्हणाली. "तू फार्मसिस्ट आहेस, औषधं मोजून मिसळणं तुझं रोजचंच. माझ्याकडे टँक आहे, देते. अवघड एकच, फिल्म टँकमध्ये भरेपर्यंत ठार अंधार लागतो. लाल दिवासुद्धा चालत नाही."

मी कप खाली ठेवला. तिला माझ्या तोंडावरून काय दिसलं कोण जाणे. पण मग मी तिला सगळं सांगितलं. सिरपचंही. नवऱ्यालाही इतकं सांगितलं नव्हतं. ती चहा गार होईपर्यंत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग तर तूच भर. नुसतं अंधारात बसायला सांगितलं तर तुला जमणार नाही. हाताला काम असेल तर कदाचित जमेल."

तिनं मला एक टाकाऊ फिल्म दिली. टँक म्हणजे थर्मासपेक्षा थोडा बुटका, काळा प्लास्टिकचा डबा. त्यात एक चक्री बसते. चक्रीच्या दोन्ही बाजूंना गोल गोल खाचा, फिल्मचं टोक त्यात अडकवायचं आणि चक्रीची एक बाजू पुढंमागं फिरवत फिल्म आत ओढून घ्यायची. आधी मी उजेडात शिकले. मग जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून. डोळे आपण मिटलेले असले की भीती वाटत नाही, कारण हवे तेव्हा उघडता येतात.

आमच्या गॅरेजच्या मागे अडगळीची बिनखिडकीची खोली होती. घर घेतल्यापासून मी तिच्यात दाराबाहेर उभी राहूनच सामान टाकलं होतं. रविवारी मुलीला तिच्या मैत्रिणीकडे खेळायला सोडलं आणि दुपारी कामाला लागले. सगळ्यात आधी शेल्फं रिकामी केली. रंगाचे डबे, जुने बूट, टेंट, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, सगळं गॅरेजच्या फरशीवर मांडलं. मग शेल्फंसुद्धा भिंतीवरून उतरवून बाहेर ठेवली. नवरा बघत होता.

"एवढं करायचंय का खरंच?" तो म्हणाला.

"हो."

"मी भरून देतो फिल्म. मला येतं ते."

"मलाच भरायचीय."

 त्यानं दाराच्या फटींना आतून चिकटपट्टी लावून दिली आणि खाली कोंबायला टॉवेल आणला. आत एक स्टूल आणि छोटं टेबल. टेबलावर डावीकडून ओळीनं बाटलीचं ओपनर, कात्री, रोल, चक्री, टँक, टँकचं झाकण.

मी दार लावलं आणि दिवा बंद केला.

पहिली गोष्ट म्हणजे नाक. काँक्रीटचा, धुळीचा, भूकंपाच्या दिवशीचा तोच वास आला. उजेडात तो आला नव्हता. मी टेबलाची कड घट्ट धरली. डोळे उघडे होते आणि तरी काही दिसत नव्हतं, आणि कितीही वाट पाहिली तरी दिसणार नव्हतं. ओपनर हाताला लागलं. रोलच्या डबीचं झाकण उचकटलं, टक् असा आवाज झाला आणि फिल्म माझ्या तळहातात सुटली. टोक कापलं. चक्रीच्या खाचेत ते पहिल्याच प्रयत्नात बसलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

अर्धी फिल्म आत गेली असेल आणि ती अडकली. पुढं जाईना, मागं येईना. माझे हात घामानं ओले झाले होते. मैत्रिणीनं बजावलं होतं की चक्री आणि फिल्म अगदी कोरडी हवी, ओलसर झाली की फिल्म चिकटते. हे आठवलं आणि आणखी घाम फुटला. मी जोर लावला. फिल्म खाचेतून सुटून कुरकुरली.

तेवढ्यात रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला. आमच्याकडे ते दिवसभर जातात आणि मोठा टँकर गेला की लाकडी घर थरथरतं. एरवी माझं लक्षही जात नाही. पण त्या अंधारात पायाखालची फरशी हलली आणि गॅरेजमधल्या बरण्या एकमेकींवर किणकिणल्या.

मी स्टुलावरून खाली, टेबलाखाली कधी गेले ते मला कळलं नाही. गुडघे पोटाशी, डोकं खाली. फिल्म आणि चक्री मात्र छातीशी धरलेली. मानेवरून काहीतरी ओघळत होतं. घामच होता. पण मला त्या क्षणी सिरपचा वास आला, आजही शपथेवर सांगेन की आला.

"काय झालं?" दाराबाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, ट्रक होता तो. ऐकतेयस ना?"

मी चक्री आणखी घट्ट धरली.

"दार उघड. फिल्म गेली तर जाऊ दे. मी उघडू का?"

"नको!" हे मात्र मी ओरडले. "उघडू नकोस!"

"अगं, राहू दे ना ती फिल्म!" त्याचा आवाज रडवेला झाला होता.

मला बाहेर जायचं होतं. आयुष्यात इतकं कधी कुठं जावंसं वाटलं नव्हतं. दार दोन हातांवर होतं आणि ते अडकलेलं नव्हतं. तिथं मला मैत्रिणीची एक सूचना आठवली, जी तिनं जाता जाता दिली होती. फिल्म अडकली तर सगळं जसंच्या तसं टँकमध्ये टाक, झाकण लाव आणि बाहेर ये. टँकमध्ये उजेड जात नाही.

मी टेबलाखालूनच हात वर करून टँक चाचपला. चक्री, सुटलेली फिल्म, सगळं आत कोंबलं. झाकण फिरवून लावलं, लागलंय ना ते बोटांनी तपासलं, पुन्हा तपासलं. मग दार उघडलं आणि गॅरेजमधून थेट मागच्या गवतावर जाऊन आडवी झाले. जुलै म्हणजे इथं भर हिवाळा, गवत ओलं गार होतं. नवरा शेजारी उकिडवा बसला.

"झालं तेवढं पुरे," तो म्हणाला.

"हात कोरडे करून परत जाणार आहे."

"कशासाठी? कुणाला दाखवायचंय?"

"आपल्या पोरीला," मी म्हटलं. आणि ते बोलल्यावर मला स्वतःलाच ते पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या खेपेला मी आत गाणं म्हटलं. म्हणजे, शाळेत पाठ केलेली पाढ्यांची चाल. बे एके बे, बे दुणे चार. मोठ्यानं. चिकटलेली फिल्म हळूच पूर्ण बाहेर काढली, कपड्याला हात पुसले, पुन्हा टोकापासून सुरुवात केली. भीती गेली नव्हती, ती माझ्या मानेवर बसूनच होती. पण सत्ताविसाच्या पाढ्याला मी अडखळते, तिथं लक्ष द्यावं लागत होतं, आणि त्या नादात फिल्म सरकत सरकत संपली.

पुढचं सगळं उजेडात, बाथरूमच्या बेसिनपाशी. थंडीत पाणी बर्फासारखं येतं म्हणून डेव्हलपरची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधाची बाटली कोमट पाण्यात ठेवून थर्मामीटरनं बघत होते. यात मला भीती नव्हती, हे माझं रोजचं काम. टँक दर मिनिटाला उलटासुलटा करायचा, मग ते द्रावण ओतून द्यायचं, व्हिनेगरसारख्या वासाचं दुसरं घालायचं, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर. नवरा मोबाइलवर वेळ लावत होता. एक एक औषध बदलत गेलं तसा तो दाराकडे सरकत गेला. शेवटी झाकण काढायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "थांब जरा." मी थांबले. तो मोबाइलकडेच बघत राहिला. मी झाकण काढलं.

ओली फिल्म चक्रीवरून उलगडून खिडकीसमोर धरली. चित्रं होती! निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं, आभाळ काळं, सावल्या पांढऱ्या. पण मुलीला मी लगेच ओळखलं. बादलीत बसलेली, काळा चेहरा, पांढरे केस. दोरीवर तिची दुपटी. समुद्रावर मी, हातात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, वाऱ्यानं ओढणी तोंडावर आलेली. मी हसायला लागले. "अरे, बघ ना, काही खराब झालं नाहीये!"

तो आला नाही. दारातच उभा राहिला.

शेवटच्या चौकटी मला आधी कळल्या नाहीत. रस्ता, ढिगारा, वाकलेलं छप्पर. मग पाटी दिसली, अर्धी तुटलेली, आणि तिच्यावरचा औषधांच्या दुकानाचा क्रॉस. दाराच्या जागी लख्ख पांढरा चौकोन होता. निगेटिव्हवर काळोख असाच दिसतो. ते माझं दुकान होतं, आणि त्या पांढऱ्या चौकोनाच्या मागे मी होते.

"हे तू काढलेस?" मी विचारलं.

"हो."

"मी आत असताना?"

तो बाथटबच्या काठावर बसला. "कॅमेरा गळ्यातच होता. पळत आलो तर पोलिसांनी रस्ता अडवला होता. सोडेनात. मी सांगत होतो की माझी बायको आत आहे, आणि तो माणूस नुसता मागे व्हा, मागे व्हा करत होता. मग मी फोटो काढला. दोन काढले. का, ते मला अजून माहीत नाही. बायको ढिगाऱ्याखाली आणि मी फोकस करतोय." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तू हे पाहशील म्हणून मी इतकी वर्षं..."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला त्याची भीती वाटली. इतकी वर्षं शेजारी झोपणारा हा माणूस कोण आहे, असं वाटलं. फिल्म हातातून सुटेल म्हणून मी ती चिमट्यानं शॉवरच्या दांड्याला अडकवली. त्यामुळे तिचं अगदी खालचं टोक माझ्या डोळ्यांसमोर आलं. तिथं आणखी एक फोटो होता. तिरका, हललेला. नुसता रस्ता, आणि कोपऱ्यात बुटाचं टोक.

"हा कसला?"

तो उठून जवळ आला. त्यानं तो फोटो कधी पाहिलाच नव्हता, कसा पाहणार? बराच वेळ वाकून बघत राहिला.

"तू दिसलीस," तो म्हणाला. "त्या दोघांनी तुला धरून आणलं ना बाजूच्या गल्लीतून. मी पळत सुटलो. बटणावर बोट राहिलं असेल."

मग तो रडला. मी त्याला भूकंपानंतर एकदाही रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्यानं मला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या बोटांना फिक्सरचा वास येत होता. इतकी वर्षं त्या अंधारात मी एकटीच होते असं मला वाटत आलं होतं. हा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, हे माहीत असूनही कधी डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी मुलीला घेऊन आलो. ती थेट बाथरूममध्ये गेली आणि लटकणाऱ्या फिल्मकडे मान वर करून बघत राहिली.

"आई, व्हाय इज माय फेस ब्लॅक?"

मी तिला उचलून कडेवर घेतलं आणि समजावलं. तिचं बोट खाली खाली सरकत शेवटाकडे गेलं. "अँड व्हॉट्स दॅट?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. एरवी मी म्हटलं असतं, काही नाही, जुनं दुकान आहे.

"ते मी काम करायचे ते दुकान," मी म्हटलं. "जमीन हलली आणि ते पडलं. मी आत अडकले होते."

"वॉज इट डार्क?"

"हो. खूप."

"वर यू स्केअर्ड?"

"खूप घाबरले होते. अजूनही घाबरते कधी कधी. आज दुपारीसुद्धा घाबरले."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, खरं बोलतेय की नाही ते तपासल्यासारखं. मग मान वळवून बाबाकडे पाहिलं. "अँड व्हेअर वर यू?"

तो बाथरूमच्या फरशीवरच बसला. मी तिला खाली उतरवलं तशी ती जाऊन त्याच्या मांडीत शिरली. "मी ना, ऑफिसजवळच्या बागेत सँडविच खात होतो," त्यानं सुरुवात केली, आणि तिथून एकेक रस्ता सांगत निघाला, कुठला पूल बंद होता, कुठं पाणी वर आलं होतं, कुणाला काय विचारलं. मीही दाराला टेकून ऐकत बसले. त्यातलं बरंचसं मलाही नवीन होतं.